गाण्यातला गायक गायब? घरच्या घरी ऑडिओ किट बनवताना जॅक नीट सोल्डर कसा करायचा

इअरफोनची पिन फोनमध्ये अर्धवट घुसलेली असली की एक गंमत होते. कीबोर्ड, गिटार, मागचा कोरस हे सगळं ऐकू येतं, पण मुख्य गायक मात्र विहिरीच्या तळातून गातोय असं वाटतं. कधी तर तो पूर्णच गायब! पिन जरा फिरवून आत दाबली की स्वारी परत हजर. हा फोनचा बिघाड नाही आणि ॲपचाही नाही. हे वजाबाकीचं गणित आहे, आणि आजच्या लेखाचा विषय त्यातूनच सुरू होतो.

साध्या स्टीरिओ पिनवर तीन भाग असतात. अगदी टोकाला डावा चॅनेल, मधल्या रिंगवर उजवा चॅनेल, आणि मुळाशी ग्राउंड, म्हणजे दोघांचा मिळून परतीचा रस्ता. हे ग्राउंड तुटलं की करंटला परत जायला वाटच राहत नाही. मग तो डाव्या स्पीकरमधून शिरतो आणि उजव्यातून बाहेर पडतो. अशा वेळी तुमच्या कानापर्यंत पोहोचतो तो डावा आणि उजवा यांच्यातला फक्त फरक. स्टुडिओत गायकाचा आवाज बहुतेक वेळा मधोमध ठेवतात, म्हणजे दोन्ही चॅनेलमध्ये अगदी सारखा. सारख्यातून सारखं वजा केलं की उरतं शून्य. गायक गेला!

माझा मामेभाऊ अकरावीत आहे. त्याने ऑनलाइन मागवलेला छोटा ॲम्प्लिफायर बोर्ड जोडला आणि मला फोन केला, "दादा, म्युझिक मस्त येतंय, पण बाई गातच नाहीये." स्पीकर खराब आले असं समजून तो ते परत पाठवायच्या तयारीत होता. मी एवढंच विचारलं, "पिनची सगळ्यात मोठी पट्टी बघ, तिथलं सोल्डर हलतंय का?" हलत होतं. नुसतं वर बसलेलं, आत न चिकटलेलं. तो बोर्ड पॉवर बँकेवर चालवत होता म्हणून फक्त गायिका गायब झाली. भिंतीतला चार्जर लावला असता तर सोबत घूंऽऽ असा मोठा आवाजही आला असता.

ऑडिओ किटमध्ये जे सोल्डरिंग फसतं, त्यात ही ग्राउंडची पट्टी माझ्या मते पहिल्या नंबरवर आहे. बोर्डवरचे छोटे पॉइंट पहिल्या दिवशीसुद्धा बऱ्यापैकी जमतात. जॅक जमत नाही. का, ते कळलं की हात आपोआप सुधारतो.

किट कोणतं?

उदाहरणासाठी सगळ्यात स्वस्त आणि सगळीकडे मिळणारं घेऊया: पीएएम८४०३ चिपचा बोर्ड. पाच व्होल्टवर चालतो, ४ ओहमच्या दोन स्पीकरना प्रत्येकी ३ वॅटपर्यंत पॉवर देतो, आणि आकाराने काडेपेटीपेक्षाही लहान. मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली इथे सहज मिळतो, नाहीतर ऑनलाइन आहेच. सोबत दोन स्पीकर, धातूच्या कव्हरची एक ३.५ मिमी पिन, जाळीवाली दोन तारांची ऑडिओ केबल आणि पाच व्होल्टसाठी एक जुनी यूएसबी केबल. झालं किट. फोनला जॅक नसेल तर टाइप-सी ते ३.५ मिमीचा डोंगल लागेल. तो घेताना तुमच्या फोनवर चालतो ना, हे दुकानातच लावून बघा.

केबल जाळीवाली हवी, यात काटकसर नको. आतल्या दोन तारांभोवती तांब्याची जी बारीक जाळी असते, तीच ग्राउंड असते आणि तीच घरातल्या वायरिंगची ५० हर्ट्झची गुरगुर बाहेर अडवते. घरात पडलेल्या जुन्या इअरफोनची वायर कापून वापरायचा मोह होतो, पण पहिल्या किटसाठी तो आवरा. त्या वायरवर रंगीत लाखेचा पातळ थर असतो. लाल, हिरवी, सोनेरी तार दिसते, ती उघडी वाटते, पण ती उघडी नसते. तो थर निघेपर्यंत सोल्डर तिला शिवतसुद्धा नाही. लायटरने जाळायचा उपाय सगळेजण सांगतात. त्याने आतला नायलॉनचा धागा वितळून तारांना चिकटतो आणि तांबं काळं पडतं. त्यापेक्षा गरम बिटवर सोल्डरचा थेंब घेऊन तारेचं टोक त्यात बुडवून ठेवलं की लाख जळून जाते. मात्र हा धूर राळेच्या धुरापेक्षा वाईट असतो. खिडकी उघडी हवी आणि चेहरा लांब.

कल्हईवाल्याचं तंत्र

तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी कल्हईवाला पाहिला नसेल. घरात आजीला विचारा. पितळेचं भांडं आधी भट्टीवर तापवायचं, त्यावर नवसागर टाकायचा, मग कथिलाची कांडी टेकवायची आणि कापसाच्या बोळ्याने भराभर फिरवायची. कथिल वितळवून भांड्यात ओतलं जात नाही. भांडं तापतं, आणि त्या तापलेल्या भांड्यावर कथिल स्वतःहून पसरतं.

सोल्डरिंग म्हणजे छोटी कल्हईच. नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड. तो धातूवरचा ऑक्साइडचा थर खाऊन टाकतो आणि खालचा स्वच्छ धातू उघडा करतो. आपल्याकडे हे काम राळ करते. सोल्डरच्या तारेच्या पोटात ती भरलेलीच असते, दुकानात तिलाच फ्लक्स म्हणतात. (इलेक्ट्रॉनिक्समध्ये नवसागर किंवा प्लंबरचा ॲसिड फ्लक्स चुकूनही वापरू नका. त्याने आज जॉइंट झकास बसेल आणि काही महिन्यांत तार हिरवी पडून गळून जाईल.)

आता व्हिडिओंमध्ये सर्रास दिसणारी पद्धत आठवा: बिटवर सोल्डरचा गोळा घ्यायचा आणि तो उचलून जॉइंटवर नेऊन ठेवायचा. या प्रवासात राळ जळून जाते. धातू थंडच असतो. सोल्डर वर पडतं, गोल गोळी होऊन बसतं आणि आपल्याला वाटतं जोडलं गेलं. प्रत्यक्षात ते पानावरच्या पाण्याच्या थेंबासारखं नुसतं बसलेलं असतं. मामेभावाच्या पिनवर हेच झालं होतं. योग्य क्रम असा: बिट पट्टीला आणि तारेला एकदम टेकवायचं, एखाद-दोन सेकंद थांबायचं, मग सोल्डरची तार बिटाला नाही तर पट्टीला लावायची. पट्टी पुरेशी तापली असेल तर सोल्डर तिथेच वितळून पसरेल. नाही वितळलं तर पट्टी अजून थंड आहे, एवढाच त्याचा अर्थ.

ग्राउंडची पट्टी का फसवते?

पिनचं कव्हर फिरवून काढलं की आत तीन जागा दिसतात. डाव्या-उजव्याच्या दोन छोट्या पट्ट्या आणि एक लांब, जाड पट्टी, जिच्या शेवटी केबल पकडणारे दोन कान असतात. ही लांब पट्टी पिनच्या बाहेरच्या धातूला जोडलेली असते. म्हणजे तुम्ही एक पट्टी तापवत नसता, अख्खी पिन तापवत असता. २५ वॅटचं साधं आयर्न रिकामं असताना भरपूर गरम असतं, पण या पट्टीला टेकलं की उष्णता झरझर निघून जाते आणि बिट थंडावतं. आपण मग तसंच धरून बसतो, दहा सेकंद, पंधरा सेकंद. तेवढ्यात उष्णता हळूहळू पिनच्या आत सरकते, जिथे टोक, रिंग आणि मूळ यांना वेगळं ठेवणारी प्लास्टिकची नळी असते. ती मऊ पडते, टोक वाकडं होतं किंवा आतल्या आत शॉर्ट होतं. बाहेरून सगळं छान दिसतं.

सावधगिरी म्हणून लोक दोन गोष्टी करतात: बिट एकदम बारीक, सुईसारखं घेतात आणि तापमान कमी ठेवतात. दोन्ही उलट्या पडतात. सुईसारखं टोक पट्टीला इतक्या कमी जागेत टेकतं की उष्णता पोहोचतच नाही. त्याऐवजी २–३ मिमी रुंद चपटं बिट घ्या, तापमान ३५० अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवा आणि दोन-तीन सेकंदांत काम संपवून बाजूला व्हा. जास्त गरम पण थोडा वेळ, हे प्लास्टिकसाठी कमी गरम पण बराच वेळ यापेक्षा खूप सुरक्षित आहे. म्हणूनच, जमत असेल तर २५ वॅटच्या साध्या आयर्नऐवजी तापमान ठरवता येणारं ६० वॅटचं घ्या. यात घातलेले जास्तीचे पैसे वसूल होतात, असं माझं स्पष्ट मत आहे. साधंच असेल तरी चालतं, फक्त दोन जॉइंटच्या मध्ये त्याला परत तापायला वेळ द्या.

सोल्डर निवडताना तारेच्या रिळावरचा आकडा बघा. ६३/३७ म्हणजे ६३ टक्के कथिल, ३७ टक्के शिसं. हे मिश्रण १८३ अंशांना द्रवाचं थेट घन होतं. ६०/४० थोडा वेळ चिखलासारखं राहतं, आणि त्या क्षणी हात हलला की आत बारीक भेगा पडतात. शिकताना ६३/३७ घ्या, ०.८ मिमी जाडीचं. शिसं नसलेलं सोल्डरही मिळतं. युरोपात जुलै २००६ पासून नव्या इलेक्ट्रॉनिक वस्तूंमधल्या शिशावर कडक बंधनं आली, तेव्हापासून कारखान्यांत मुख्यतः तेच चालतं. ते २१७ अंशांच्या पुढे वितळतं आणि हाताने वापरायला अवघड. शिशाची वाफ होत नाही, या तापमानाला तर नाहीच. धूर दिसतो तो राळेचा असतो, आणि तो रोज नाकात गेला तर दमा होऊ शकतो. शिसं पोटात जातं ते बोटांवाटे. त्यामुळे काम करताना बाजूला वडापाव नको, आणि उठल्यावर हात साबणाने धुवायचे.

आता पिन

सगळ्यात आधी कव्हर आणि हीट श्रिंक ट्यूबचे तुकडे केबलवर ओवा. हे सोल्डरिंगच्या आधी. सॉफ्टवेअरमध्ये आम्हाला कंट्रोल-झेड असतं, इथे ते नाही. कव्हर टेबलवर राहिलं तर अख्खा जॉइंट परत उघडावा लागतो.

पिन पकडायला जुन्या एक्स्टेन्शन केबलचं सॉकेट वापरा. पिन त्यात खोचून ठेवली की दोन फायदे होतात: हात मोकळे राहतात, आणि प्लास्टिक थोडं मऊ पडलंच तरी टोक सरळ राहतं, कारण सॉकेटने ते धरलेलं असतं. पिन पकडायला फोन वापरू नका. हे सांगायची गरज पडू नये, पण मी तसा एक व्हिडिओ पाहिलाय.

ग्राउंडच्या पट्टीवर निकेलचा चकचकीत थर असतो आणि स्वस्त पिनांवर तो सोल्डरला अजिबात दाद देत नाही. बारीक पॉलिश पेपरने आतली बाजू दोन-चारदा घासा, चमक थोडी मरू द्या. मग तार लावण्याआधीच त्या पट्टीवर सोल्डरचा पातळ थर चढवा. सगळ्यात जास्त उष्णता लागणारं काम अशा रीतीने सगळ्यात आधी उरकतं, पिन एकटी असताना. छोट्या पट्ट्यांवरही एकेक टिपका. केबलचं बाहेरचं आवरण साधारण दीड सेंटिमीटर सोला, जाळी बाजूला घेऊन पीळ द्या, आतल्या दोन तारा ३–४ मिमी सोला आणि तिन्ही टोकांवर सोल्डर चढवा.

मग आधी डावी, मग उजवी आणि शेवटी जाळी. दोन्हीकडे सोल्डर आधीच चढलेलं असल्यामुळे आता नुसतं टेकवायचं, वितळलं की बिट काढायचं. तार हाताने स्थिर धरा, दोन-तीन सेकंद. फुंकर मारू नका! चहा नाहीये तो. फुंकर मारताना हात हमखास हलतो.

आतल्या दोन तारांना किंचित ढील ठेवा. केबलला हिसका बसेल तेव्हा तो कानांनी पकडलेल्या बाहेरच्या आवरणाने झेलायला हवा, सोल्डरने नाही. कान पक्कडीने दाबताना ते बाहेरच्या आवरणावरच बसलेत ना, हे बघा. आतल्या तारांवर दाबले तर ते प्लास्टिक कापून शॉर्ट करतात, आणि हा शॉर्ट कधीकधी महिन्याभराने उगवतो.

चांगला जॉइंट ओळखायचा कसा? सोल्डरच्या खाली तारेचा आकार पुसट दिसला पाहिजे आणि कडा पट्टीत विरघळून गेल्यासारख्या पसरट हव्यात. गोल, फुगीर मणी दिसला की समजायचं आत पोकळ आहे. शिसंवालं सोल्डर चमकतं. शिसं नसलेलं मुळातच जरा मंद दिसतं, त्यामुळे त्याला चमकेवरून नापास करू नका.

फोनला लावण्याआधी

मल्टिमीटर बीपवर लावा. पिनचं टोक आणि केबलच्या दुसऱ्या बाजूची डावी तार: बीप. रिंग आणि उजवी: बीप. मूळ आणि जाळी: बीप. यानंतरचं जास्त महत्त्वाचं: टोक-रिंग, रिंग-मूळ, टोक-मूळ या तिन्ही जोड्यांत बीप येता कामा नये. दुसरी बाजू अजून कुठेही जोडलेली नसताना हे करा, बोर्ड जोडल्यावर मीटर गोंधळवतो. ग्राउंडचा बीप चालू असताना केबल पिनजवळ सगळीकडे वाकवून बघा. मध्येच तुटला तर तो जॉइंट आत्ताच उघडा, तो पुढे सुधारणार नाही.

पिन झाली की बोर्डची बाजू सोपी आहे: डावा, ग्राउंड, उजवा असे तीन पॉइंट. पण स्पीकरच्या बाजूला एक मोठा खड्डा आहे. या चिपमध्ये स्पीकरची मायनस तार म्हणजे ग्राउंड नाही. प्रत्येक स्पीकरच्या दोन्ही तारा चिप स्वतः हलवत असते, आणि गाणं बंद असतानाही दोन्हीवर सरासरी अडीच व्होल्ट असतात. त्यामुळे दोन स्पीकरच्या मायनस तारा एकमेकींना जोडायच्या नाहीत, ग्राउंडला तर मुळीच नाही. या बोर्डच्या आउटपुटला हेडफोनचं सॉकेट लावायची कल्पना सगळ्यांना सुचते. त्या सॉकेटमध्ये दोन्ही मायनस एकत्र येतात आणि चिपच्या जिवावर बेततं. दोन स्पीकर, चार वेगळ्या तारा.

स्पीकर बॉक्सवर स्क्रूचं टर्मिनल असेल, तर तिथे एक वेगळाच नियम लागतो: त्या तारेला सोल्डर लावायचंच नाही. सोल्डर मऊ असतं, स्क्रूच्या दाबाखाली हळूहळू सरकतं, आणि काही आठवड्यांनी घट्ट केलेला स्क्रू ढिला होतो. नुसता पीळ द्या आणि कसा.

पाच व्होल्टसाठी यूएसबी केबल कापाल तेव्हा रंगांवर विश्वास ठेवू नका, लाल-काळं मीटरने तपासा. प्लस-मायनस उलटं झालं तर ही चिप दुसरी संधी देत नाही. टाइप-सी सॉकेट स्वतः सोल्डर करायच्या फंदात सध्या पडू नका, त्याच्या पिना अर्ध्या मिलिमीटरच्या अंतरावर असतात. आणि किट बॅटरीवर करायचं असेल तर १८६५० सेलला थेट सोल्डर लावायचं नाही. आतल्या उष्णतेने सेल खराब होतो, पेटूही शकतो. होल्डर घ्या, सोल्डर होल्डरला करा.

पहिल्यांदा चालू करताना आवाज शून्यावर, आणि शक्य असेल तर घरातला जुना फोन लावा. चिपवर बोट ठेवून बघा, गाणं बंद असताना ती गरम होत असेल तर लगेच काढा. मग असं गाणं लावा ज्यात सुरुवातीलाच एकटा गायक आहे. तो दोन स्पीकरच्या बरोबर मधोमध उभा असल्यासारखा ऐकू आला पाहिजे. एका बाजूला सरकला तर डाव्या-उजव्यापैकी एक जॉइंट कच्चा. पोकळ झाला तर मोठी पट्टी.

आयर्न बंद करण्याआधी बिटवर सोल्डरचा एक थेंब लावून तसाच राहू द्या. पुसू नका. उघडं ठेवलेलं बिट काळं पडतं आणि मग त्यावर काहीच चिकटत नाही.